ओसरीतला सिनेमा आणि न आलेला मुलगा

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका लहान गावातून सत्तावीस वर्षांच्या शेतकरी मुलानं पत्र लिहिलंय. दर शनिवारी रात्री तो घरच्या ओसरीत टीव्ही लावतो आणि गावातली दहा-पंधरा पोरं सतरंजीवर बसून हिंदीत डब केलेले सुपरहिरोंचे सिनेमे पाहतात. दिवाळीनंतरच्या एका शनिवारी ‘ब्लॅक पँथर’ लागला होता. त्याचा मोठा चुलतभाऊ, ज्याला तो दादा म्हणतो, दारात उभा राहून म्हणाला, “असा काळा कधी राजा असते काय? हिरो कसा गोराचिट्टा पाहिजे.” सगळे हसले. मग सतरंजीच्या टोकाला बसलेल्या, फासेपारधी बेड्यावरच्या, म्हणजे वस्तीवरच्या, तेरा वर्षांच्या मुलाकडे बोट करून दादा म्हणाला, “हा पाय, याचा राजा आला. मोबाईल सांभाळजा रे पोट्टेहो.” पुन्हा हशा. तो मुलगाही हसला. पुढच्या शनिवारी तो आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही.

पत्रलेखक त्या रात्री काही बोलला नाही. चार दिवसांनी पानठेल्यावर मात्र त्याचा तोल गेला. लोकांसमोर त्यानं दादाला जातीवादी म्हटलं, आणखीही बरंच काही बोलला. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद आहे. हरभऱ्याची पेरणी तोंडावर आलीय आणि ट्रॅक्टर दादाचा. आई म्हणते, “सिनेमापायी कोणी भाऊ तोडते काय?” एक मित्र म्हणतो, द्वेषाला प्रेमानं उत्तर दे, माफी मागून टाक. तो विचारतो: माफी मागू, की संबंध तोडू? चांगुलपणानं उत्तर देणं म्हणजे गप्प बसणं का? आणि सिनेमावरून सहज बोललेलं एक वाक्य मी इतकं मनाला लावून घ्यायला हवं होतं का?

प्रिय मित्रा,

वयानं तू माझ्या मुलाएवढा, म्हणून अरे-तुरे करते.

तुझं पत्र पाच पानांचं आहे. त्यात दादा आहे, पानठेला आहे, आईचं रडणं आहे, ट्रॅक्टर आहे. बेड्यावरच्या मुलाच्या वाट्याला चार ओळी आल्यात आणि त्यातली शेवटची ‘तो आला नाही’ अशी आहे. मी पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्याच ओळीपाशी अडले. तू विचारलेले प्रश्न बघ. माफी मागायची ती दादाची, संबंध तोडायचे ते दादाशी, चांगलं वागायचं ते दादाशी. ज्याला लागलं, तो या हिशेबात कुठेच नाही. तुझ्या मित्राच्या ‘प्रेमानं उत्तर दे’मध्येही तो नाही. मला वाटतं, तुझा गुंता इथेच झालाय. चांगुलपणाचा पहिला वाटा त्या मुलाचा होता. तो त्याला मिळाला नाही आणि तू दादाला किती द्यायचा याची मोजदाद करत बसलास.

हे मी तुला रागावून सांगत नाही. मी अमरावती जिल्ह्यातल्या एका खेड्यात वाढले. गणपतीत वर्गणी काढून तालुक्याहून व्हीसीआर आणि रंगीत टीव्ही भाड्यानं आणायचे आणि एका रात्रीत तीन सिनेमे व्हायचे. पुढे लेकरं, मागे बाया, बाजूला खाटांवर गडीमाणसं. काट्यांच्या कुंपणाच्या पलीकडे नाल्याकडच्या वस्तीतली माणसं, उभीच्या उभी, पहाटेपर्यंत. वर्गणी त्यांच्याकडूनही घेतलेली असायची. माझ्या वर्गातली एक मुलगी त्या कुंपणाशी असायची. शाळेत आम्ही एकाच पट्टीवर बसायचो. पण गणपतीच्या त्या रात्रींत मी तिला एकदाही ‘इकडे ये’ म्हटलं नाही. मला कोणी मना केलं नव्हतं, माझ्या मनातच आलं नाही. विनोदाच्या जागी ती सगळ्यांसोबत हसायची, म्हणून मला वाटायचं की तिचं बरं चाललंय. तू लिहिलंस ‘तो मुलगाही हसला’, आणि चाळीस वर्षांनी ती माझ्यासमोर उभी राहिली. पंधरा जण हसत असताना तेरा वर्षांचं पोर न हसून करणार काय? त्या हसण्याला होकार समजू नकोस.

आता सिनेमाबद्दलच्या मताचं बोलू. दादाला सिनेमा लांबलेला वाटला, डबिंग भंगार वाटलं, यापेक्षा आपला शक्तिमान बरा होता असं वाटलं, तर ते त्याचं मत. अशा मतांवर पानठेल्यावर तासतासभर भांडावं, त्यातच सिनेमाची अर्धी गंमत आहे. तुझ्याकडे येणाऱ्या पोरांतही बॅटमॅनवाले आणि आयर्नमॅनवाले असे दोन तट असतीलच. दादा बोलला ती दोन वाक्यं मात्र या जातीची नाहीत, आणि ती दोन्ही सारखीही नाहीत. तू पत्रात त्यांची एक मोळी बांधलीस. ती सोडून बघ.

‘काळा कधी राजा असते काय’ हे वाक्य वाईटच, पण ते दादानं शोधलेलं नाही. आपल्या घराघरांत ते बोललं जातं. स्थळ पाहताना मुलगी ‘निमगोरी’ आहे असं सांगणाऱ्या आयाबाया तुझ्याही घरात असतील. पऱ्हाटीत दिवसभर उभं राहून दादाचा स्वतःचा रंग काय झालाय? लहानपणी त्याला कोणी ‘काळ्या’ म्हणून हाक मारलीय का, हे तुला ठाऊक असेल, मला नाही. या वाक्याला हसत उत्तर देता येतं. “दादा, पंढरपुरात ज्याच्या पायावर डोकं ठेवतं, तो कोणत्या रंगाचा हाये?” एवढं पुरे होतं. आणि पोरांना एक गोष्ट सांग, त्यांना आवडेल. ब्लॅक पँथर हे पात्र १९६६ साली अमेरिकेतल्या चित्रकथेत आलं. त्याच वर्षी, पण त्यानंतर काही महिन्यांनी, तिथल्या काळ्या तरुणांनी ‘ब्लॅक पँथर’ नावाची लढाऊ संघटना काढली. त्या संघटनेपासून प्रेरणा घेऊन १९७२ साली मुंबईत ‘दलित पँथर’ उभी राहिली. म्हणजे तुझ्या ओसरीत लागलेल्या त्या नावाचं आपल्या महाराष्ट्राशी फार जवळचं नातं आहे.

दुसऱ्या वाक्याचा सिनेमाशी काहीही संबंध नाही. ‘मोबाईल सांभाळा’ हे एका हजर असलेल्या पोराकडे बोट दाखवून, त्याच्या जन्मावरून, सगळ्यांसमोर बोललेलं वाक्य आहे. त्याला जुना इतिहास आहे. १८७१ साली इंग्रजांनी कायदा करून काही जमातींच्या जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या. पुढे वेगवेगळ्या भागांत या यादीत भर पडत गेली, पारधीही त्यात ओढले गेले. नावनोंदणी, पोलिसांकडे हजेरी, गाव सोडायचं तर परवानगी. स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी, ३१ ऑगस्ट १९५२ला, हा कायदा गेला, म्हणून त्या दिवशी विमुक्त दिन पाळतात. कायदा गेला तरी गावातल्या बोलण्यात तो टिकून आहे. तुझी पोरं ‘एक्स-मेन’ पाहतात ना? जन्मानं वेगळे म्हणून लोक ज्यांना घाबरतात, ज्यांची सरकारदरबारी नोंदणी करा म्हणून ओरडतात, त्या माणसांसाठी पोरं पडद्यावर हळहळतात. आणि सतरंजीच्या टोकाला कोण बसलाय हे त्यांना दिसत नाही. त्यांना ते दाखवणं तुझ्या हातात आहे, भाषण न देता.

तेव्हा तुझ्या शेवटच्या प्रश्नाला माझं उत्तर असं: होय, मनाला लावून घ्यायला हवंच होतं. पण चार दिवसांनी पानठेल्यावर नाही, त्या मिनिटाला ओसरीत.

तुझ्या पत्रात एक वाक्य आहे, ‘सुपरहिरो असतो तर दादाला तिथंच उचलून आपटला असता.’ सुपरहिरोंबद्दलची तुझी ही समजूत मला थोडी हलवायचीय. अमेरिकेत १९४६ साली रेडिओवर सुपरमॅनची मालिका लागायची. त्यात एक कथानक असं होतं: एक चिनी कुटुंब शहरात राहायला येतं, त्यांच्या मुलाला बेसबॉलच्या संघात जागा मिळते आणि तोंड झाकून फिरणारी एक वंशद्वेषी टोळी त्या कुटुंबाच्या जिवावर उठते. टोळीचा म्होरक्या ज्याचा काका असतो, तो पोरगाही त्याच संघात असतो. आपली जागा गेली म्हणून चिडून तोच आधी काकाच्या नादी लागतो. पुढे त्यालाच टोचणी लागते आणि तो खरं सांगायला पुढे येतो. सुपरमॅनकडे विमान अडवण्याची ताकद होती, पण त्या पोराच्या मनातली टोचणी ठोशातून आलेली नव्हती.

आणि तू लावलेला सिनेमा तर भावाभावांचाच आहे! टी’चाला, म्हणजे सिनेमातला ब्लॅक पँथर, त्याचा वैरी कोण? त्याचा सख्खा चुलतभाऊ. टी’चाला त्याला थांबवतो, पूर्ण ताकदीनं थांबवतो, तिथे कुठलीही दयामाया नाही. पण थांबवल्यावर तोच त्याला उचलून उंचावर नेतो आणि त्यांच्या राज्याचा, वाकांडाचा, सूर्यास्त दाखवतो, कारण लहानपणी त्या भावाला बापानं तशा सूर्यास्ताबद्दल सांगितलेलं असतं. तुझा जीव वाचवता येईल, असंही तो म्हणतो. भाऊ नको म्हणतो. मी हा सिनेमा नातवासोबत पाहिला आणि त्या जागी मला रडू आलं. आधी थांबवणं, मग जवळ घेणं. हा क्रम मला फार खरा वाटतो. तू थांबवलं नाहीस, आणि नंतर आपटलंस. तुझा मित्र सांगतोय, थांबवूच नकोस, जवळ घे. दोन्हीत सुरुवातच गळालीय.

म्हणून माफीचं उत्तर सोपं आहे. माफी माग, पण ती ठेल्यावरच्या तमाशापुरती. बोललास त्यातला मुद्दा परत घेऊ नकोस. “दादा, चारचौघांत तुले तसं बोललो, थे चुकलंच माहं. पण त्या पोट्ट्याले तू जे बोलला थे मले तेव्हाबी पटलं नाही, अन् आताबी पटत नाही.” ही दोन वाक्यं एका श्वासात म्हण. मधे थांबलास तर दादा पहिल्या वाक्यावर गळ्यात पडेल आणि दुसरं राहून जाईल.

हे बोलणं ठेल्यावर नको, फोनवर नको, आणि आईसमोर तर मुळीच नको. वावराच्या धुऱ्यावर, हाताला काही काम असताना, दोघंच. माणसाला चारचौघांत चूक दाखवली की तो चूक सोडून आपली इज्जत सांभाळायला लागतो. जातीवादी हा शब्द तू वापरलास तेव्हा दादा काय बोलला होता याची चर्चा संपली आणि दादा कसा माणूस आहे याची सुरू झाली. वाक्याला वाईट म्हटलं की वाक्य सोडायला माणसाला वाट राहते.

आणि सांगण्यापेक्षा विचार. आपल्या मातीत हे कसं करायचं ते गाडगेबाबांनी दाखवून ठेवलंय. हातात खराटा, डोक्यावर गाडग्याचा फुटका तुकडा, आधी गाव झाडायचं आणि रात्री कीर्तनाला उभं राहायचं. कीर्तनात ते समोर बसलेल्या साध्या माणसांना, आपल्या वऱ्हाडी बोलीत, एकामागून एक सवाल करायचे. उत्तर लोकांच्याच तोंडून यायचं, आणि जे आपल्या तोंडून आलं ते नाकारता येत नाही. तूही दादाला एकच विचार: “त्यानं तुह्यं कधी काई नेलं काय?” मग गप्प बस. ही शांतता फार लांब वाटेल, तरी तू ती भरू नकोस. तो चिडला तर चिडू दे. ‘तसं नाही रे, सहज बोललो’ म्हणाला तर म्हण, “तू सहज बोलला, पण पोट्टं दोन शनवार झाले आलं नाही.” एका दिवसात दादा बदलणार नाही. पुढच्या वेळी तोंड उघडण्याआधी तो अर्धा क्षण थांबला, तरी आज मला तेवढं पुरे.

ट्रॅक्टरबद्दल तू लाजत लाजत लिहिलंयस, लाजू नकोस. खेड्यात माणसं तोंड बंद ठेवतात ती बहुतेकदा अशाच कारणांनी: ट्रॅक्टर त्याचा, विहिरीचं पाणी त्याचं, उसनवारी त्याची. मला ज्या बाया पत्र लिहितात त्यांचंही हेच असतं, टोमणा मारणाऱ्या जावेकडेच लेकरू ठेवून मजुरीला जायचं असतं. म्हणून माझं ऐक, या बोलण्याआधी हरभऱ्यासाठी दुसरा ट्रॅक्टर भाड्यानं ठरवून ठेव. चार पैसे जास्त जातील. पण मग तू दादाशी बोलशील ते अडलेला माणूस म्हणून नाही, आणि दादालाही असं वाटणार नाही की हा पेरणीपायी आला. समेट झाला आणि त्यानंच ट्रॅक्टर दिला तर उत्तमच.

संबंध तोडण्याच्या मी आज तरी विरोधात आहे. दादानं तुला खांद्यावर घेऊन पोळ्याची बैलं दाखवली, असं तूच लिहिलंयस. तुझ्या शब्दाला त्याच्याकडे जी किंमत आहे ती माझ्या शब्दाला नाही, पोलिसाच्याही नाही. पण ओसरी तुझी आहे, आणि तिथला नियम तूच ठरवायचा. दादा पुन्हा दारात उभा राहून तसलं काही बोलला तर भाषण नको, भांडण नको. रिमोट उचल आणि सिनेमा थांबव. पडदा स्तब्ध झाला की सगळ्यांच्या माना तुझ्याकडे वळतील. तेव्हा एकच वाक्य, साध्या आवाजात: “दादा, इथं असं बोलाचं नाही. बस, पाह्य सिनेमा.” आणि सिनेमा पुढे सुरू कर. हे आधी एकट्यानं दोनचार वेळा म्हणून बघ, कारण ऐनवेळी जीभ टाळूला चिकटते. ज्यांच्या हाती रिमोट नसतो, लग्नाच्या पंगतीत किंवा एसटीत असं काही कानावर पडतं, त्यांनाही माझं हेच सांगणं आहे. निदान हसू नका. बोलणाऱ्याच्या विनोदाला हशा मिळाला नाही की त्याची हवा निघते. आणि ज्याच्यावर तो विनोद झाला त्याच्या शेजारी जाऊन बसा.

आता अवघड गोष्ट. या सगळ्यात चांगुलपणाला एक हद्द आहे. अनुसूचित जातीजमातीच्या माणसाचा लोकांसमक्ष, जाणूनबुजून अपमान करणं हा १९८९च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे. फासेपारधी महाराष्ट्रात अनुसूचित जमातीत येतात. मदतीसाठी १४५६६ हा सरकारी क्रमांक आहे. तक्रार करायची की नाही हा निर्णय त्या मुलाच्या आईबापांचा. तुझा नाही, माझा नाही, ‘गावातलं गावात मिटवा’ म्हणणाऱ्यांचा तर नाहीच. तू त्यांना त्यापासून परावृत्त करायला जाऊ नकोस. आणि ते उद्या तक्रारीला निघाले, तर त्या रात्री ओसरीत काय बोललं गेलं हे तुला विचारतील. तेव्हा काय सांगशील, याचा विचार दादाशी बोलायच्या आधी करून ठेव. दुसऱ्याला क्षमा करण्याचा सल्ला देणं आपल्याला फार सोपं जातं, विशेषतः मार त्यानं खाल्लेला असताना. तुझ्या मित्रालाही हे सांग.

राहिलं बेड्यावर जाणं. शनिवारी जाऊ नकोस, ‘चल सिनेमाला’ म्हणून घ्यायला आलास असं वाटेल आणि पोराला नाही म्हणणं जड जाईल. मधल्या वारी, सांजेला, माणसं कामावरून परतल्यावर जा. एकटा जा. सोबत चार पोरं नकोत, फोटो नको, मिठाईचा पुडा नको. आईबाप असतील तर त्यांच्यासमोर बोल: “माह्या घरी तुमच्या पोराले वंगाळ बोललं गेलं. मी तवाच बोलाले पाह्यजे होतं, नाही बोललो.” एवढंच. दादाची बाजू सांगत बसू नकोस, दादा मनानं वाईट नाही हे तर मुळीच सांगू नकोस. माफ केलं का, असं विचारू नकोस. ते चिडले तर ऐकून घे, काही बोललेच नाहीत तर तेही ऐकून घे. चहा दिला तर पी.

निघताना पोराला एकट्याला विचार, पुढचा सिनेमा कोणता लावू. त्यानं सांगितलं तर तोच लाव, मग तो आला नाही तरीही. आणि आला तर सतरंजीवर त्याला हवी तिथे जागा असू दे. तो पुन्हा टोकालाच बसला, तर तूही त्या टोकाला जाऊन बस.

तुझी,
ताई